भावाची वही

सेलूच्या गुरुवारी बाप गोणपाटावर सुऱ्या मांडायचा
तेव्हा भाव साठ रुपये.
बायका नखावर धार बघायच्या,
शेजारच्या पाटीतला कांदा उचलून चिरायच्या,
पंचावन्न द्यायच्या, वर कोथिंबिरीची जुडी,
आणि दिवाळीला येऊन भांडायच्या
की मूठ हलायली.

हे सगळं वहीत आहे. वही मी लिहिते,
सातवीपासून.

मग कोइंबतूरचे नटराजन आले.
लातूरला कुणाच्या तरी लग्नात
आचाऱ्याच्या हातात आमची सुरी दिसली म्हणे,
जेवण टाकून थेट सेलू.
त्यांनी धार बघितली नाही.
पात्यावरचे घणाचे वळ बघितले,
भट्टीचा काळा थर नखानं टोकरला,
म्हणाले, हे घासू नका, असंच राहू द्या.
अठराशे दिले. एका शब्दानं कमी करा म्हटलं नाही.
रात्री बाप म्हणाला,
जो घासाघीस करत नाही त्याला सुरी नको असती,
दुसरंच काहीतरी पाहिजे असतं.
काय, ते त्यालाही सांगता येईना.

पुढच्या पानांवर आकडे उड्या मारतात.
साडेचार हजार, बाभळीची मूठ.
सात हजार, तशीच, फक्त पाणी पाजताना
एक वाकडी रेघ आलेली.
अकरा.
नाशिकच्या एका डॉक्टरांकडे आमच्या सहा आहेत,
काचेच्या कपाटात,
एकीलाही टमाट्याचं पाणी लागलेलं नाही.
वडोदऱ्याच्या बाईंनी अकराला घेतलेली वीसला विकली.
मधले नऊ हजार कशाचे, बापानं दोनदा विचारलं.
मी म्हटलं, वाट बघण्याचे.
यादीत तेव्हा एकतीस नावं होती.
लोखंड तेच. जालन्याच्या भंगारातला
ट्रकचा कमानपाटा, किलोला बावन्न,
आणि तो मात्र आम्ही भांडूनच आणतो.

पोळ्यानंतर बापाचं कोपर गेलं.
घण उचलला की हात थरथरतो.
बातमी कशी पोचली कुणास ठाऊक.
पहिला प्रश्न, तब्येत कशी आहे.
दुसरा, किती उरल्यात?
आठवड्यात भाव एकोणीस हजार.
सरकारी दवाखान्यात त्याच कोपरासाठी
आम्ही पाच रुपयांची चिठ्ठी फाडली होती.

घण तेव्हापासून माझ्याकडे.
बाप खाटेवर, डोळे पात्यावर.
पातं कडब्याच्या रंगाचं झालं की म्हणतो, काढ.
जरा उशीर झाला की जांभळा चढतो,
जांभळ्याची धार टिकत नाही.
शिक्का त्याचाच: अर्धा चंद्र, दोन ठिपके.
अशा नऊ गेल्या.
नटराजन फोनवर म्हणाले,
म्हाताऱ्याचा हात अजून काय आहे हो!
मी हूं म्हटलं.

गुरुवारी खैरूनबी आली, वांग्याच्या गाड्याची.
एक सुरी उचलली, वांगं कापलं, थांबली.
एक फाक जाड, एक पातळ.
"ये तेरे बाप की नै. तेरी है.
तू डावरी है ना?"
मी शिक्का दाखवला.
तिनं शिक्क्याकडं बघितलंसुद्धा नाही.
खाटेवरून बाप म्हणाला,
ऐंशी नको घेऊ तिच्याकडून. सत्तर घे.

त्या रात्री शिक्क्यात मी तिसरा ठिपका पाडला.
पहिली सुरी नटराजनना गेली.
चौथ्या दिवशी फोन, आवाज चढलेला:
तीन ठिपके! हा प्रकार मी कधी बघितलाच नव्हता.
अशा एकूण किती आहेत? मी पंचवीस देतो.
म्हटलं, साहेब, इथून पुढं सगळ्या अशाच.
घण मी मारते. आधीच्या नऊपण माझ्याच.
पलीकडं बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

त्यांच्या ओळीत भावाची जागा अजून कोरी आहे.
खालची ओळ भरली:
खैरूनबी, सुरी एक, सत्तर.
साठ रोख. दहा येत्या गुरुवारी.